नऊ माळांवरचं नागपूर

"माळ हातात असली का तोंडातून दुसरा शब्द काढाचा नाई, पोरी."

आई जाऊन तीन वर्षं झाली, तरी विजयमाला तिचं सांगणं पाळत होती. म्हणूनच, स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या साली, एका सकाळी आसेगावच्या मारुतीच्या पारावर कोणा परक्या सायकलवाल्यानं "गोजराबाईचं घर कुठं?" असं विचारलं, तेव्हा ती मणी ओढत गप्पच राहिली.

"मुकी दिसते बिचारी..." म्हणत तो हातवारे करू लागला. आधी डोईवरचा पदर, मग छप्पर, मग दार! तिनं कसंबसं हसू दाबलं. माळ पुरी झाली, डोळ्यांना लागली.

"आयकू येते मले. हात काहून नाचवून राह्यले?"

तो असा लाजला, की उगाच सायकलची घंटीच वाजवली.

हा जगदेव, गोजराबाईचा भाचा. अकोल्याच्या विमानतळावर इंजिनं दुरुस्त करी. त्या दिवसापासून दर रविवारी त्याला मावशीची फारच आठवण येऊ लागली.

"अकोल्याहून नागपूर एकशेतीस मैल," तो एकदा ऐटीत म्हणाला. "विमानानं पन्नास मिनिटं!"

"मिनिटं मले नाई समजत. माळा सांगा."

पुढच्या रविवारी तो घड्याळ लावून पाराशी बसला. "एका माळेले साडेपाच मिनिटं. म्हंजे... नऊ माळांत नागपूर!"

"घड्याळ तं हातावर होतं. डोये कुठं होते?"

जगदेवाचे कान लाल झाले.

मार्गशीर्षात त्याची बढती होऊन नागपूरला बदली झाली आणि मागणी घेऊन तो विजयमालाच्या वडिलांपुढं, रामरावांपुढं, उभा राहिला. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"गाडीबैल, मंग रेल... दोन दिस लागते नागपुरातून. आखाजीले हिच्या मायच्या नावानं पाण्याची घागर कोन भरीन? एकुलती एक पोर हाये मले."

"मंग नोकरी सोडतो मी," जगदेव म्हणाला.

विजयमालाची मान ताठ झाली. "खबरदार! तुमचा हात लागते तवा विमान आभायात जाते. मले तोच हात पाह्यजे, रिकामा नाई." मग वडिलांकडं वळून ती हळू आवाजात म्हणाली, "आबा, आखाजीले घागर मीच भरीन. माहा शब्द हाये."

रामराव लेकीकडं पाहत राहिले. तापानं फणफणली तरी या पोरीनं एकादशी मोडली नव्हती.

"हिचा शब्द म्हंजे दगडावरची रेघ, जावईबापू," ते म्हणाले, आणि त्यांची छाती भरून आली.

लग्न झालं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर दोघं उभी होती. अकोल्याच्या विमानात जागा एकच मिळाली होती.

"एकटीले भ्या नाई वाटत?"

"इंजिन कोनं पाह्यलं?"

"मीच. दोनदा."

"मंग?"

त्याच्या मनगटावरचं काळं वंगण तिनं बोटावर घेतलं आणि चारचौघांत त्याच्या कानामागं तीट लावली.

"नजर नको लागाले... माह्या मानसाले."

मग डोईवरचा पदर सारखा करून, मागं न पाहता, ती शिडीच्या पायऱ्या चढू लागली.