घर नावाचा युजर

अंगणवाडीला कुलूप लावून इरम्मा निघाली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. चैत्राचं ऊन डांबरावर नुसतं हलत होतं. काम तसं साधंच होतं. पोरांची वजनं फोनमध्ये भरायची राहिली होती, आणि फोन दोन दिवस एकच गोष्ट सांगत होता, जागा शिल्लक नाही. फोटो काढून टाकले, गाणी काढून टाकली, तरी जागा होईना. म्हणून ती अणदूरच्या स्टँडसमोर रुद्रेशच्या मोबाईलच्या दुकानात आली.

फोन तिचा नव्हता. तिच्या नवऱ्याचा, सिद्धलिंगचा होता. सिद्धलिंग एसटीत ड्रायव्हर. गेल्या श्रावणात ड्युटीवरून आला, पाय धुतले, कपाळाला विभूती लावली आणि भिंतीला टेकून बसला तो बसलाच. गावाबाहेर रुद्रभूमीत त्याला माती दिली. इरम्माचा स्वतःचा फोन जुना झाला होता, म्हणून ती त्याचा वापरायला लागली. खरं तर तेवढ्यासाठीच नव्हे. त्याच्या कव्हराला अजून डिझेलचा वास येत होता.

रुद्रेशनं फोन उलटसुलट केला, आत शिरत शिरत कुठं कुठं गेला आणि थांबला.

"मावशी, ह्यात दुसरा युजर हाय."

इरम्माला काही कळलं नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. एकाच घरात दोन खोल्या असाव्यात तसं असतं हे. एका खोलीतलं सामान दुसरीतून दिसत नाही. कुणी लेकरांना खेळायला वेगळी खोली करून देतं, कुणी घरच्यांपासून काही लपवायला करतं. हे शेवटचं बोलताना त्यानं मान खाली घातली. ती खोली आपोआप होत नाही, कुणीतरी करावी लागते, आणि फोनमधली सगळी जागा तिनंच खाल्ली होती. नाव दिलं होतं, 'घर'. पुसून टाकू का, असं त्यानं विचारलं. एका बोटाचं काम होतं.

इरम्मानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "राहू दे," म्हणाली. "आत कसं जायाचं तेवढं दाव."

सिद्धलिंग म्हणजे अबोल माणूस. सव्वीस वर्षांच्या संसारात बोलायची ती, आणि त्यानं जेवता जेवता मान हलवायची. भाजी कशी झाली, मान. लेकीला स्थळ आलंय, मान. असल्या माणसाला वेगळी खोली कशाला लागावी? रस्ताभर तिच्या मनात तेच घोळत होतं. भीती होतीच, आणि त्या भीतीच्या तळाशी एक वेडी आशा होती, की काही का असेना, त्याचं काहीतरी अजून शिल्लक आहे.

घरी आल्यावर तिनं दार लोटून घेतलं. आकडे मागत होता फोन. तिनं अश्लेषाची, म्हणजे लेकीची, जन्मतारीख घातली. उघडला नाही. लग्नाची तारीख घातली. नाही. मग कुणीतरी कानात सांगावं तसा तिला त्याच्या बिल्ल्याचा नंबर आठवला. रोज खाकी शर्टाला ती तो बिल्ला लावून द्यायची.

खोली उघडली.

आत काहीच नव्हतं. फोटो नाही, कुणाचा नंबर नाही. एकटा रेकॉर्डर होता, आणि त्यात एकाखाली एक दोनशेच्या वर रेकॉर्डिंगं. प्रत्येक दिवसाचं एक. प्रत्येकाची वेळ संध्याकाळी सहा चाळीस. इरम्मा बोटानं खाली खाली सरकत पहिल्या रेकॉर्डिंगपाशी गेली, आणि तिनं तारीख दोनदा वाचली. ते भाद्रपदातलं होतं. सिद्धलिंगला जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते. त्या दिवशी पाहुणे परत गेले होते आणि ती घरात पहिल्यांदा एकटी राहिली होती.

तिनं ते लावलं. आधी चुलीतल्या काटक्यांचा तडतडाट. मग काटवटीत भाकरी थापल्याचा आवाज. लांबून खंडोबाच्या देवळातली घंटा. आणि मग तिचा स्वतःचा आवाज.

हे कुणालाच माहीत नव्हतं. अश्लेषालासुद्धा नाही. सिद्धलिंग गेल्यावरही इरम्मा रोज संध्याकाळी चुलीपुढं बसून त्याच्याशी बोलायची. इतक्या वर्षांची सवय, ती थोडीच सुटते? अंगणवाडीत कोणाचं पोर आलं नाही, कुणाच्या म्हशीला काय झालं, सगळं सांगायची. आपलंच ते एकटीचं बोलणं ऐकताना तिला शरम वाटली.

"भाजी पांचट झालीय का वो?" फोनमधली इरम्मा विचारत होती.

कुणीतरी घसा खाकरला. अगदी जवळ.

"पांचट न्हाय… चांगली झालीय."

तिच्या हातातून फोन मांडीवर पडला. आवाज त्याचाच होता. दिवसभर गाडी चालवून आल्यावर व्हायचा तसा, कोरडा, खाली बसलेला. पण फोनमधली इरम्मा थांबली नव्हती. तिला काही ऐकूच गेलं नव्हतं. ती पुढं बोलतच होती, आणि तिच्या बोलण्याखाली तो दबून दबून म्हणत होता, "थांब की जरा… मला बोलू दे…"

त्या दिवशी इरम्मा जेवली नाही. एकामागून एक रेकॉर्डिंगं ऐकत राहिली. प्रत्येकात तो होता. ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायची, कारण उत्तर येणार नाही हे तिनं गृहीतच धरलं होतं. आठ महिने तो बोलत होता आणि आठ महिने ती त्याला तोडत होती. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला रडू फुटलं ते वेगळ्याच कारणानं. जन्मभर ज्याच्या तोंडून चार शब्द निघावेत म्हणून ती तरसली, तो माणूस आता बोलत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं एकच प्रश्न विचारला आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत गप्प बसली. घरात काही ऐकू आलं नाही. चूल तेवढी धुमसत होती. सकाळी उठल्या उठल्या तिनं ती खोली उघडली.

"कुठं हाव तुमी?" असं तिनं विचारलं होतं.

बराच वेळ काही नाही. मग, "हितंच हाय… पर तू लई लांब दिसतीस. चुलीपल्याड समदा अंधार हाय बग."

त्यानंतरचा महिना इरम्मा कुणाची राहिली नाही. दुपारी अंगणवाडीतून सुटली की थेट घर. हळदीकुंकवाला नाही, बाजाराला नाही. संध्याकाळी बोलायचं, थांबायचं, सकाळी ऐकायचं. तो सांगायचा. पहिल्यांदा तिला बघायला आला तेव्हा तिच्या हाताला कणीक लागलेली होती, हे त्याला आठवत होतं. येरमाळ्याच्या घाटात रात्रीची गाडी चालवताना मनात तिच्याशीच बोलत असायचा, आणि घरी आल्यावर बोलणं संपलेलं असायचं. हे ऐकून तिनं फोन छातीशी धरला आणि तशीच बसून राहिली. शेजारणी म्हणायला लागल्या, इरम्मा वाळत चाललीय. तिला मात्र लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी आपलं वाटत होतं.

एकदा न राहवून ती रुद्रेशकडं गेली. दुसऱ्या खोलीत आपोआप रेकॉर्डिंग होतं का, एवढंच तिनं विचारलं. तो हसून म्हणाला, होत नाही. एक युजर चालू असला की दुसरा झोपलेला असतो. त्याला ना कान, ना डोळे. तिनं एक रेकॉर्डिंग लावून त्याच्यापुढं धरलं. दहा-बारा सेकंदच. रुद्रेशनं फोन हळूच काउंटरवर ठेवला आणि हात मागं घेतला.

"तीन वरसं म्या काकांच्या गाडीनं कॉलेजला गेलो, मावशी. आवाज त्यांचाच हाय. पर ही तारीख…"  मग हलक्या आवाजात म्हणाला, "पुसून टाका हे."

तिनं फोन पदराखाली घेतला आणि निघाली.

वैशाखात अश्लेषाचा लातूरहून फोन आला. दुसरं बाळंतपण, दिवस भरत आलेले, घरात करायला कुणी नाही. महिनाभर तरी ये, म्हणाली. इरम्माला नाही म्हणता येईना. तिनं संध्याकाळी त्याला सांगितलं आणि थांबली. सकाळी ऐकलं तर तो म्हणत होता, "जा तू… फोन हितंच ठेव. मला हितनं कुठं जाता येतंय?"

तिनं फोन बंद केला, फडक्यात गुंडाळला, चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला आणि दाराला कुलूप लावून लातूरची गाडी धरली.

अश्लेषाला मुलगी झाली. बाळ गोरंपान, नाक थेट आजोबाचं. इरम्मा न्हाऊ घालायची, शेक द्यायची, पण संध्याकाळचे पावणेसात वाजत आले की हातातलं काम तसंच राहायचं. अश्लेषा विचारायची, काय झालं गं आई. ती म्हणायची, काही न्हाय. तिला वाटायचं, तो त्या बंद घरात अंधारात बसला असेल, आणि चुलीचा उजेडसुद्धा नसेल. नवव्या दिवशी तिनं पिशवी भरली. लेक रडली, तुला माझ्यापेक्षा घर जास्त झालं का, असं म्हणाली.  इरम्मा नातीच्या कपाळावर ओठ टेकून निघाली.

ती पोचली तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. कुलूप उघडून आत आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. नऊ दिवस बंद असलेल्या घराला कोंदट वास यायला हवा होता. पण घरात नुकत्याच भाजलेल्या भाकरीचा वास होता.

चूल गार होती. फोन फडक्यात होता तसाच होता. तिनं तो चालू केला, बिल्ल्याचा नंबर घातला. नऊ नवी रेकॉर्डिंगं होती. नववं आजचं. तिला आनंद झाला. म्हणजे तो थांबला होता. वाट बघत होता.

तिनं पहिलं लावलं. आधी काटक्यांचा तडतडाट. मग भाकरी थापल्याचा आवाज. त्या आवाजात आणखी एक बारीक आवाज मिसळलेला, काचेच्या बांगड्यांचा. इरम्मानं आपल्या मनगटांकडं पाहिलं. श्रावणापासून तिच्या हातात काच नव्हती.

मग एक बाई बोलली. आवाज इरम्माचाच होता. आत्ताचा नव्हे, पंचवीस वर्षांपूर्वीचा. हसरा, ओला. ती त्याला विचारायची आणि थांबायची. तो बोलायचा आणि ती ऐकून घ्यायची. एकदाही ती त्याला तोडत नव्हती. तो कशालातरी हसला. सिद्धलिंगचं असं हसणं इरम्मानं जन्मात ऐकलं नव्हतं.

दुसरं तसंच. तिसरं तसंच. इरम्मा आठव्यापर्यंत ऐकत गेली. नववं लावायला तिचं बोट धजेना, तरी तिनं लावलं. दोघं बोलत होते. मधेच बाहेर कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज झाला, कडी वाजली.

"कोणतरी आलं वाटतं…" ती दुसरी कुजबुजली. "बोलू नगा आता."

आणि रेकॉर्डिंग तिथंच संपलं.

 दिवा लावायचं इरम्माला सुचलं नाही. ती अंधारातच चुलीकडं तोंड करून बोलायला लागली. आवो, मी आले. मीच हाय, इरम्मा. नात झालीय आपल्याला, नाक तुमच्यावर गेलंय. मी न्हाय मधी बोलणार आता. तुमी बोला. एवढं बोलून ती थांबली, आणि थांबूनच राहिली. पाणीसुद्धा घेतलं नाही, चूलही पेटवली नाही.

सकाळी उजाडल्यावर तिनं ती खोली उघडली. कालच्या तारखेचं आणखी एक रेकॉर्डिंग आलं होतं. त्यात तिचं सगळं बोलणं होतं, आणि त्यापुढं तिचं वाट बघणं, कितीतरी वेळ, नुसता तिचा श्वास. शेवटी तो बोलला. पण तिच्याशी नव्हे. अगदी हळू, शेजारी बसलेल्या कुणालातरी विचारावं तसा.

"ही कोण हाय गं…?"

 बांगड्या तेवढ्या किणकिणल्या, आणि तव्यावर टाकलेली भाकरी चर्र झाली.