घरी परतणाऱ्या गोगलगायी

बेंगळुरूला समुद्र नाही, हे शहरातल्या सगळ्यांनी कधीच मान्य केलं होतं. एकट्या संयोगिता जगतापला सोडून. ती इथल्या एका संस्थेत समुद्री जीवांवर संशोधन करायची, आणि जीव घाबरला की शिवाजीनगरच्या मासळीबाजारात जाऊन खारट वास घेत उभी राहायची. आज दुपारी तर मुलाखत होती. जमली तर कायमची नोकरी, नाहीतर महिनाअखेरीला टेबल रिकामं.

तिनं डोळे मिटून खोल श्वास घेतला, एक पाऊल मागे टाकलं... आणि बर्फाच्या पाण्यावरून जी घसरली, ती थेट एका तरुणावर. तो शिंपल्यांच्या टोपलीवर. टोपली रस्त्यावर!

“स्वल्प नोडी, अक्का! जरा बघून!” मासेवाला अण्णा ओरडला.

दोघं गुडघ्यांवर बसून शिंपल्या वेचू लागले.

“पडताना ‘अगं आई गं’ म्हणालात, म्हणून मराठीत विचारतो,” तो म्हणाला. “लागलं नाही ना?”

“मला कसं लागेल? मी तुमच्यावर पडले.”

“हो, माझ्या कोपराला कळलंय ते.”

त्याच्या केसात माशाचा खवला चमकत होता. तो काढायला तिचा हात उठला – आणि अर्ध्या वाटेवरून लाजून परत आला.

निदान कॉफी तरी पाजायला हवी, असं ती स्वतःला म्हणाली आणि त्याला शेजारच्या टपरीवर घेऊन गेली.

“मी मूळचा पुण्याचा. आता इथे एचएसआर लेआउटला, एका स्टार्टअपमध्ये. घरपोच मासे,” तो सांगत होता. “आधी संशोधन करायचो. समुद्री गोगलगायींवर. माझ्या एका पेपराचा दोघांनी हवाला दिला. त्यातला एक मीच.”

“नाव काय तुमचं?”

“अवधूत पेठे.”

संयोगिताला जोरात ठसका लागला. पेठे! कारवारच्या खडकांवर गोगलगायींच्या पाठीला नेलपॉलिश लावून तिनं सिद्ध केलं होतं, की त्या रोज आपापल्या जागी परततात. या पेठेनं तोच प्रयोग पुन्हा केला आणि त्या वाट्टेल तिथे भटकतात असं दाखवलं. मग जो तो तेच दाखवत सुटला, आणि प्रत्येक पेपरात एक वाक्य ठरलेलं... ‘जगताप म्हणतात तसं काही आढळलं नाही.’ तिचे सायटेशन्स, म्हणजे असे हवाले, शेकड्यांत गेले. संस्थेला फक्त आकडा दिसत होता.

“मी जगताप,” ती पुटपुटली.

“बाप रे! मला वाटायचं, जगताप मॅडम म्हणजे चष्म्यावरून बघणाऱ्या कुणीतरी...”

“मी तर तुम्हाला टक्कल दिलं होतं! पण खरं सांगते, माझ्या गोगलगायी परतायच्या हो. रोज.”

अवधूतनं कान खाजवला. “कारवारला तुम्ही गोदूबाईंकडे राहायचात ना? मीही तिथेच होतो. त्या म्हणाल्या, ‘त्या पोरीनं एवढ्या प्रेमानं रंगवलेल्या, वाट चुकू नयेत म्हणून संध्याकाळी मीच उचलून जागेवर ठेवायचे.’”

संयोगिता इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग नुसतंच पाणी राहिलं.

“हे पेपरात का नाही लिहिलंत?”

“लिहिलं होतं. परीक्षक म्हणाले, गोदूबाई या प्रजातीचं शास्त्रीय नाव द्या.”

दुपारी समितीचे अध्यक्ष विश्वासराव खूश होते. “एवढे सायटेशन्स! आमच्या संस्थेत कुणाचेच नाहीत!”

गप्प बसली असती तर नोकरी खिशात होती. “सर,” ती म्हणाली, “त्यातले बहुतेक सगळे मी चुकले असं सांगणारे आहेत. आणि का चुकले, ते मला आज सकाळी कळलं.”

तिनं सगळं सांगून टाकलं.

“पण आकडा तर खरा आहे ना?” विश्वासरावांनी आशेनं विचारलं.

समितीतल्या राजलक्ष्मी मॅडम मात्र हसून हसून लाल झाल्या होत्या. “आपल्या विरोधातले पेपर वाचणारी उमेदवार मी पहिल्यांदाच बघतेय. सर, कायमचं नंतर बघू. आधी हिला दोन वर्षं द्या, प्रयोग नीट करू दे.”

विश्वासरावांनी आकड्याकडे एकदा खिन्नपणे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

मुलाखतीचं कॉफी पिताना कळलं होतं, म्हणून अवधूत फाटकाबाहेर उभा होता. त्याचा फोन सारखा वाजत होता; कोरमंगलात कुणाकडे तरी पापलेटऐवजी नुसता बर्फ पोचला होता.

“काय झालं?”

“पुन्हा कारवार. आणि एक सहलेखक हवाय.” ती म्हणाली. “तू येशील?”

त्या ‘तू’नं अवधूतचे कान लाल झाले. त्यानं फोन बंद करून टाकला. “नावं कुठल्या क्रमानं?”

“ते भांडून ठरवू. पण अट आहे. माझं चुकलं, तर जगाला सांगायच्या आधी मला सांगायचं.”

“आणि... तू मला आवडतेस, हे?”

“तेही आधी मलाच. रोज.”

“मग रोज भेटावं लागेल.”

“सरी,” तिनं कानडीत होकार दिला. पुण्याच्या माणसालाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.