काचेवरची ऊब

ही घटना खरी आहे. टेमघरच्या केसरीनाथ मास्तरांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ते विज्ञान शिकवायचे. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता.

मार्च १९८६. शुक्रवार, दुपारचे तीन. भिवंडी.

मास्तर आणि त्यांचा दोस्त मोहिउद्दीन, पॉवरलूमचा मिस्त्री, आदल्या वर्षी मिळून दुर्बीण बनवत होते. हॅलेचा धूमकेतू बघायचा होता. जुन्या जहाजाच्या खिडकीची जाड काच आणली होती. पावडर टाकून ती दुसऱ्या काचेवर महिनोन्‌महिने घासायची, म्हणजे मधे खोलगट होते. पूर्वी दुर्बिणीत नुसती भिंगं असत, ताऱ्याला रंगीत किनार दिसे. म्हणून पुढे आरसा आला. खोलगट आरसा सगळा उजेड एका जागी गोळा करतो. मोहिउद्दीन हे शिफ्ट सुटलेल्या कामगारांनाही समजावत बसायचा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात कावीळ होऊन मोहिउद्दीन गेला.

मास्तर मयताला गेले. घरी येऊन जेवले. दुसऱ्या दिवशी तास घेतले. आत काही हललंच नाही.

इद्दत, म्हणजे विधवेने पाळायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर मोहिउद्दीनच्या बायकोने, शमीमने, निरोप धाडला... काच पुरी करा, नाहीतर घेऊन जा.

मास्तरांनी त्याच्याच मागच्या खोलीत बसून पॉलिश संपवलं. तपासायला शुक्रवार धरला. त्या दिवशी लूम बंद, जमीन थरथरत नाही.

खिडक्या लावल्या. काच भिंतीशी उभी केली. आठ फुटांवर दिवा, दिव्यापुढे सुईएवढं भोक, शेजारी दाढीचं पातं. पात्यामागून पाहिलं की काच चंद्रासारखी करडी दिसते, बारीकसा उंचवटाही सावलीने कळतो. काचेपुढे हात धरला तर हाताची ऊबसुद्धा धुरासारखी वर जाताना दिसते.

शमीम दाराशी उभी होती. सासू बाहेर पडवीत.

मास्तरांनी डोळा लावला. काच स्वच्छ होती.

मग डाव्या कडेने... तसाच धूर चढला.

शमीम पुढे आली असेल, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. ती दाराशीच होती.

पुन्हा डोळा लावला. धूर होताच. आणि काचेच्या कडेला, हळूहळू... फुगवटा आला.

अंगठ्याएवढा.

कोणी बोट टेकवून ठेवलं की उबेने काच तेवढीच फुगते. तसा.

काचेजवळ कोणी नव्हतं.

मास्तरांनी विचारलं, "भाभी, मोहिउद्दीन काच कुठून धरायचा?"

"डावीकडून."

मास्तरांनी दिसलं ते सांगितलं. ती रडली नाही, घाबरलीही नाही. काचेशी जाऊन बसली आणि डाव्या कडेपुढे हात धरला. बराच वेळ.

"हाताला काय लागत न्हाय," ती म्हणाली. "मना हल्ली कुठंच काय लागत न्हाय, मास्तर."

मास्तर पात्यामागून बघत होते. तिची पाचही बोटं काळी, स्पष्ट दिसत होती. शेजारच्या मोकळ्या जागेतून धूर संथ वर जात होता.

तिच्या बोटांवरून मात्र...

काहीच वर जात नव्हतं.

"हात काढा, भाभी."

तिने सावकाश काढला.

एप्रिलमध्ये शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लागली. रांग लागली. धूमकेतू पुसट दिसला, कापसाच्या बोळ्यासारखा. शमीम आली, पाहिलं, दिसला म्हणाली, गेली. मास्तरांनी पुन्हा काच घासली नाही.

ईदला ते अजून त्या घरी जातात. शमीमभाभी शिरखुर्म्याची वाटी पुढे करतात.

मास्तर ती हातात घेत नाहीत, त्या बोटांना बोट लागेल म्हणून. खाली ठेवा, म्हणतात.