निळ्या गेटमधून आलेली

"अहो, जिवावर उदार झालात की काय?"

ती दचकली. सामन्याच्या रेटारेटीत ती भलत्याच गेटमधून आत शिरली होती. चहूकडे निळे झेंडे, निळे शर्ट... आणि मधोमध ती, गळ्यात लालभडक मफलर!

विचारणाऱ्याने स्वतःचं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं. "चेन वर ओढा. आणि आम्ही गोल मारला की टाळ्या वाजवा."

"मेले तरी नाही वाजवणार!"

"मग निदान हसा." तो हसला... आणि मनाविरुद्ध तिलाही हसू फुटलं.

शहर एकच, फुटबॉल क्लब दोन. कधीकाळी एकच होता. कप्तान कोण, यावरून फाटलं, आणि तेव्हापासून लाल-निळ्यांत विस्तव जात नव्हता. ती लाल क्लबच्या इतिहासाचं पुस्तक लिहीत होती, तर तो निळ्या क्लबचं संग्रहालय सांभाळत होता. मग काय, जुने फोटो बघायच्या निमित्ताने तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका फोटोला तिला दोन-दोन तास लागू लागले.

"तुमचं पुस्तक या वेगाने पुढच्या शतकात निघेल," तो म्हणायचा.

"घाई आहे का तुम्हाला?"

"छे! मी तर फोटो लपवून ठेवतोय."

एका दुपारी मात्र त्याने विचारलं, "लाल-निळ्यांच्या त्या गाजलेल्या अंतिम सामन्यावर अजून एक ओळही नाही लिहिलीत?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "त्या सामन्यातला लाल गोलकीपर — माझे बाबा."

त्याने हातातला फोटो खाली ठेवला. शेवटच्या मिनिटाला गेलेला तो गोल सगळ्या शहराला पाठ होता. गोलकीपरने सामना विकला, अशी आवई उठली होती. निळ्यांनी टिंगलीचं गाणं रचलं, आणि लालांनी तर पाठच फिरवली. अठ्ठावीस वर्षं बाबांनी मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि तो गोल मारणारा होता याचा सख्खा मामा...

आठवडाभराने त्याचा फोन आला. "लगेच येता? — नको, मीच येतो."

कुणा हौशी माणसाने गोलच्या मागून घेतलेली जुनी फिल्म त्याला पेटाऱ्यात सापडली होती. तिच्या घरी, टेबलावर प्रोजेक्टर मांडून त्याने ती दाखवली. चेंडू उंच आला, बाबा झेपावले, आणि मामाने हाताने चेंडू आत ढकलला. धडधडीत हाताने! धुळीत पंचांना दिसलंच नव्हतं.

तिचे डोळे भरून आले. "तुम्ही हे कपाटात बंद करून टाकलं असतंत, तर कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं होतं ना..." तो हळूच म्हणाला. "मामाला दाखवून आलोय. तो खाली गाडीत बसलाय. वर यायचं धाडस होत नाहीये त्याला."

तिने आतल्या खोलीतल्या बाबांना हाक मारली, आणि तो मामाला आणायला खाली गेला.

मामा दारात आला तो मान खाली घालून. "हात लागला होता रे माझा. त्या दिवशी बोलायला हवं होतं. मग लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि जीभच उचलेना... माफ कर."

 बाबा खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "बस. पण पेपरात सांगशील?"

"उद्याच."

"मग बस झालं. माझ्या पोरीला मान वर करून चालता येईल." बाबांचा चेहरा उजळला होता. पाचच मिनिटांत दोघे म्हातारे तावातावाने भांडत होते — यंदाची कुणाची फळी जास्त भिकार, यावर!

स्वयंपाकघरात चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, "तुमचे आभार कसे मानू?"

"मानूच नका. उद्या माझाच क्लब मला धारेवर धरणार आहे. तेव्हा कुणीतरी सोबत असलं, तर..."

"तर?"

"तर बरं वाटेल. उद्याच नाही... रोजच."

चहा उतू जात होता. गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

"ए," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत. "मी आहे."