नळीखाली सांडणारी कळशी

थापा मारायला मला वेळ नाही. पटत नसेल तर पुढं वाचू नका.

यंदाचा एप्रिल. जुन्नर तालुक्यातलं मढ. वेळ भर दुपारची.

आमच्या मोबाइल टॉवरवर डिझेलचा जनरेटर काढून हायड्रोजनचं मशीन बसवलंय. लाइट गेली की ते वीज करतं, अन् धुराऐवजी नळीतून पाणी सोडतं. देखरेख माझ्याकडं.

आदल्या उन्हाळ्यात गावात पाण्याची बोंब. बाया नळीखाली कळश्या लावायला लागल्या. मीच सांगितलं, "बिनधास्त प्या, चोख हाय."

चोख म्हणे!

मशीनच्या आतल्या पडद्यातून एक केमिकल झिजून पाण्यात उतरतं. पाणी कितीही उकळा, ते मरत नाही. अंगात साठत राहतं. ते अडवायला नळीवर फिल्टर असतो. तो तुंबला, अन् मशीन सारखं बंद पडायला लागलं. नव्या फिल्टरसाठी कंपनीच्या पुण्याच्या साहेबांना चार फोन केले.

"काढून टाक रे. पाणीच तर आहे."

मी काढला. धार मोठी झाली. बाया खूश.

सगळ्यात जास्त पाणी नेलं माझ्या चुलतीनं, बयाबाईनं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. दिवाळीच्या आधी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. फिल्टरचं मी कुणाला सांगितलं नाही.

मग हा एप्रिल आला...

शेजारच्या शीलावहिनीनं कळशी लावली अन् घरी गेली. मी तिथंच बसलेलो. कळशी काठोकाठ आली...

मागून आवाज आला. "भरली का रं?"

बयाकाकूचा. रोज असंच विचारायची ती.

वळून बघितलं. कोणी नाही.

परत नळीकडं बघतो तर... कळशी आडवी. सगळं पाणी मातीत.

वारा नाही. कुत्रं नाही. शेरडू नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वहिनीनं कळशी काथ्यानं खांबाला बांधली. गाठ तशीच राहिली... अन् कळशी पालथी.

बाया घाबरल्या. देवऋषी आणायचं ठरलं. काकू का सांडतेय, ते एकट्या मला कळत होतं. पण तोंड उघडलं तर नोकरी गेली असती. देवऋषीला नारळ मीच आणून दिला. त्यानं तो नळीपाशी फोडून बंधन घातलं. असला मी भेकड!

त्या दिवसापासून कळशी एकदाही सांडली नाही.

शेवटी राहवेना. बायांना सगळं खरं सांगितलं. शीलावहिनी हसली. "काय राव भावजी! टँकर येत न्हाई, अन् आता तुमी म्हणता पिऊ नका? तुमीच चोख म्हणला व्हता ना?"

नवा फिल्टर अजून आलेला नाही. परवा मी स्वतः लाथ मारून कळशी सांडली, तर बाया दगड घेऊन अंगावर आल्या.

काल माझी लेक हर्षाली, नऊ वर्षांची, वहिनीच्या घरून पोटभर पाणी पिऊन आली.

आज दुपारी नळीपाशी हात जोडून उभा राहिलो. म्हटलं, "काकू, चुकलो गं. परत ये."

तासभर थांबलो...

मग शीलावहिनी आली अन् माझ्यासमोरून भरलेली कळशी घेऊन गेली.