अंगठ्याचा अर्धा इंच

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा त्याच्या हातात टेपच होती. बाहेरची खोली दुभागून, मध्ये लाकडी पार्टिशन घालून तिच्या शिवणाच्या मशीनला जागा करायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं. किरकोळ ऑपरेशन, चार दिवसांत घरी. तेवढ्यात सांगाडा उभा करून तिला चकित करावं, म्हणून तो मापं घेत होता. "ताबडतोब या," एवढंच म्हणाले. तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दीड महिन्याने त्याने काम पुन्हा हातात घेतलं.

घरातली असली कामं दोघं मिळून करायची. टेपचं टोक ती धरायची, आणि दरवेळी टोक नि भिंत यांच्यामध्ये तिचा अंगठा यायचा. माप अर्धा इंच कमी भरायचं.

"अगं, अंगठा काढ."

"मग धरू कशाने, दाताने?"

तीस वर्षांत तिने अंगठा काही काढला नाही. शेवटी तोच शहाणा झाला. गुपचूप अर्धा इंच वाढवून कापायचा.

आता त्याने टोक भिंतीला टेकवून चिकटपट्टीने डकवलं. माप घेतलं, लाकूड कापलं, आणि मग ध्यानात आलं, सवयीने अर्धा इंच वाढवलाच की! स्वतःवर चरफडत त्याने तुकडा लावून पाहिला. चपखल बसला. दुसराही. तिसराही.

चौथ्याला मुद्दाम वाढवला नाही. तुकडा अर्धा इंच तोकडा पडला.

तेव्हापासून तो रोज एकच तुकडा कापू लागला.

रविवारी लेक आली. शेवटची आडवी फळी तेवढी उरली होती.

"बाबा, एवढीशी भिंत नि महिना? आई असती तर तुमचं काही खरं नव्हतं!" तिने टेपचं टोक कोपऱ्यात दाबून धरलं. "अंगठा बाहेर आहे हं, तपासून घ्या."

"सव्वीस. धरून ठेव. पेन्सिल कुठे गेली?"

त्याने खिसे चाचपले, वाकून भुशात पाहिलं.

"असेल कानावरच," लेक म्हणाली.

आवाज स्वयंपाकघरातून आला. मागोमाग चहाचं भांडं वाजलं.

टेप ताठ होती.

कोपऱ्यात कुणी नव्हतं. टोक भिंतीच्या अर्धा इंच अलीकडे थांबलं होतं.

त्याने आकडा पाहिला. साडेपंचवीस.

"अगं, अंगठा काढ," तो हळूच म्हणाला.

पलीकडून टेपला बारीकसा हिसका बसला.

शेवटची फळी अजून कापायची राहिली आहे.