मुंजाजीचा गिअरबॉक्स

चतुराला भुतांची भीती कधीच नव्हती. तिला राग यायचा तो जित्या माणसांचा. त्या उन्हाळ्यात तर जास्तच. गावातल्या विहिरी आटल्या होत्या. बायका दुधना नदीच्या कोरड्या पात्रात झरे उकरत होत्या, आणि ते पाणी पिंपांत भरून वाळूतून वर आणील अशी एकच गाडी गावात होती, अंगदकाकांचा ट्रक. लढाईतला, लिलावात घेतलेला, चारही चाकांनी जोर लावणारा. नेमका त्याचाच गिअरबॉक्स फुटला होता, आणि काका ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

"परभणी झाली, मानवत झालं," काका म्हणाले. "बसंना कुठलाच. इंजिन एका गाडीचं, खालचा सांगाडा दुसरीचा, दोन्ही जोडणारी मधली पाटी नागनाथ मिस्त्रीनं घरी ओतलेली. असला मेळ दुसऱ्या कुण्या गाडीला न्हाई."

"हाय की. चुडाव्याला."

काकांचा अंगठा तळहातावरच थांबला.

त्या मिस्त्रीनं अशा दोन गाड्या बांधल्या होत्या. दुसरी चुडाव्याच्या मुंजाजीची. एका पावसाळ्यात ती पुरात गेली. पाणी ओसरल्यावर गाडी सापडली. मुंजाजी सापडला नाही.

"ती नगं," काका पुटपुटले.

"मग तुमीच वाहा डोक्यावर पाणी!" चतुरा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी काकांना आणि नागनाथ मिस्त्रीला ट्रॅक्टरवर घालून चुडाव्याला घेऊन गेली.

लिंबाच्या झाडाखाली तो ट्रक उभा होता. मुंजाजीच्या बायकोनं, सुलाबाईनं, चहा पाजला. "न्या की माय, गंजूनच चाललाय. पर त्येंना इचारून न्या."

ड्रायव्हर लोकांची ती रीतच होती. गाडीचा ड्रायव्हर गेलेला असला, तर त्याच्या नावानं सीटवर चिमूटभर तंबाखू ठेवायची, नाव घेऊन मागायचं, मगच पान्हा लावायचा.

"लोखंडाला काय इचारायचं, काकी? तिकडं पोरं गढूळ पाणी प्यायलीत," चतुरा म्हणाली आणि पान्हा घेऊन स्वतःच गाडीखाली शिरली. वर वैशाखाचं ऊन रणरणत होतं, पण गाडीखाली ओल्या गाळाचा वास होता. गार, शिळा.

गिअरबॉक्सबरोबर आलेल्या दांड्याच्या मुठीवर चुन्याचा पांढरा थर बसला होता. मुंजाजी तंबाखू मळता मळता गिअर टाकायचा म्हणे. चतुरानं घरी आल्यावर रॉकेल घेऊन मूठ घासली, काळी कुळकुळीत होईपर्यंत.

गिअरबॉक्स असा बसला की नागनाथ मिस्त्रीनं शीळच घातली. काका तेवढे कुरकुरत होते. त्यांची चुन्याची डबी सकाळपासून सापडत नव्हती.

काकांचा खांदा आखडल्यापासून ट्रक चतुराच चालवायची. झऱ्यावर पिंपं भरली. काका आणि मिस्त्री मागं पिंपं धरून बसले.

"चतुरे, सासरी अशीच गाडी घिऊन जाय!" झऱ्यावरची केवळाबाई ओरडली.

"सासूला म्हागं पिंपात बसवीन!" चतुरानं उलट सुनावलं. बायका खिदळल्या.

पात्राच्या मधोमध गिअर आपोआप निसटला.

तिनं परत टाकला. परत निसटला. तिसऱ्यांदा तिनं जोर लावला, तर मूठ पुढं जाईना. अडकल्यासारखी नव्हे... समोरून कुणीतरी धरल्यासारखी. हलकेच, आपली वस्तू धरावी तशी.

बायकांचं हसणं एकदम लांब गेलं. केबिनमध्ये गाळाचा वास दाटला. शेजारच्या रिकाम्या सीटखाली थेंब पडत होते. टप... टप... चाकं वाळूत रुतू लागली, गाडी कलली, मागं एक पिंप डचमळून सांडलं.

खिडकीपाशी काका आले. चेहरा उतरलेला.

"चतुरे... इचारलं न्हाईस तू त्येला."

तिनं दात खाल्ले. सांडलेलं पाणी वाळू घटाघटा पीत होती. "द्या तंबाखू."

"चुना न्हाई..."

"आता चुना पण पायजे का त्येंला! द्या तशीच!"

कोरडी चिमूट तिनं शेजारच्या सीटवर ठेवली. आवाज चढवायचा होता, पण निघाला तो बारीक. "मुंजाजीदादा, न इचारता नेला. चुकलं. गावाला पाणी पायजे... द्या."

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग खटक... मूठ तिच्या हाताखाली आपोआप पहिल्यात गेली. ट्रक वाळू उडवत काठावर चढला, आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. काकाही हसले. घागरी भरल्या, पोरांनी ओंजळी धरल्या, आणि नागनाथ मिस्त्री आपणच सगळं केल्यासारखा मिशी पिळत फिरला.

पिंपं रिती झाल्यावर चतुरा चावी काढायला केबिनमध्ये चढली. सीटवरची तंबाखू नव्हती. वाऱ्यानं गेली असंल, ती स्वतःशीच म्हणाली. वारा पडलेला होता.

मग तिची नजर मुठीवर गेली. काळ्या मुठीवर चार पांढरी बोटं उमटली होती, शेजारच्या सीटच्या बाजूनं.

तिनं एकावर बोट टेकवलं. बोट चुरचुरलं. चुना ओला होता.

बाहेर काका अजून खिसे चाचपत होते. "माजी डबी कुणी घेतली रं? सकाळधरनं तोंडाला चव न्हाई..."